पाणलोट एक, पहारे तीन : सीमाभागातल्या नदीकाठाला तातडीचं आवाहन

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, तसंच चंदगड, आजरा, गडहिंग्लज, शिरोळ, दोडामार्ग आणि सत्तरी इथल्या नदीकाठच्या बंधू-भगिनींनो,

मृग तोंडावर आला आहे. पहिला दणक्याचा पाऊस झाला की आपल्या नद्यांत तीन गोष्टी एकदमच घडतील. मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतील. बंधाऱ्यांचे पाणी अडवणारे बर्गे निघतील, कुठं वेळेवर, कुठं उशिरा. आणि उन्हाळाभर साचलेली घाण पहिल्या लोंढ्याबरोबर खाली येईल. पाणी एकच, पण त्यावर लक्ष ठेवणारी खाती निराळी आणि राज्यंही निराळी. म्हणून हे आवाहन पावसानंतर करून उपयोग नाही. ते आत्ताच करायला हवं.

बेळगावात नळाला पाणी येतं ते राकसकोपचं किंवा हिडकलचं. राकसकोपला लागून तुडये गाव आहे, ते चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं. हिडकल भरणारी घटप्रभाही चंदगडच्याच डोंगरातून येते. फाटकवाडीला तिच्यावर पहिलं धरण आहे. निपाणीकडची वेदगंगा पाटगावच्या रानातून उतरते. मधाचं गाव म्हणून नाव झालेलं पाटगाव ते हेच. दूधगंगा राधानगरी-दाजीपूरच्या गव्यांच्या जंगलातून काळम्मावाडीच्या धरणात येते आणि तिथून आपल्याकडे. खानापूरची म्हादई मात्र उलट्या दिशेला जाते. देगावजवळ भीमगडच्या झाडीत ती उगवते, सत्तरीत उतरते आणि मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. एका नदीत आपण बेळगावकडचे खालचे, तर दुसरीत वरचे. घटप्रभेच्या बाबतीत आपण चंदगडकरांकडे जे मागू, तेच गोवेकर म्हादईच्या बाबतीत आपल्याकडे मागणार. सीमाभागाला हे जितकं कळतं तितकं बंगळूर, मुंबई किंवा पणजीत बसून कळत नाही.

जंगल राखलं, नदी सुटली

या सगळ्या नद्यांच्या माथ्यावर राखीव जंगलं आहेत. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. गोव्याचं म्हादई अभयारण्य १९९९ साली झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. जून २०२० मध्ये दोडामार्गात तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं आणि पाठोपाठ चंदगड, आजरा-भुदरगड, आंबोली-दोडामार्ग हे पट्टेही संवर्धन राखीव म्हणून पुढे आले. नकाशावर राज्यांच्या रेघा पुसून पाहिलं तर राधानगरीपासून भीमगडपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर संरक्षित रानांची एक माळच दिसते. आपल्या नद्यांची पाण्याची टाकी तीच. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तिथलंच पाणी ज्या गोकाककडे वाहत जातं तिथला माणूस पाचशे-सहाशे मिलीमीटरवर शेती करतो. वरचं रान पाणी धरून ठेवतं, म्हणून खालच्या नदीला जानेवारीतही ओल असते.

पण प्रत्येक राज्यानं पहारा बसवला तो आपल्या हद्दीपुरता. अभयारण्याची हद्द संपली की नदी पाटबंधारे खात्याची. पुढे राज्याची हद्द संपली की ती परक्याचीच. मधल्या त्या नदीला वाली कोण?

हिरण्यकेशीचंच बघा. आंबोलीला ती जिथं गुहेतून बाहेर येते, त्या देवळाच्या झऱ्यात एक छोटा मासा सापडला. २०२० साली त्याची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद झाली आणि नदीवरूनच त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नाव मिळालं. दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं देवळाभोवतीचं सुमारे दोन हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. एवढ्याशा माशासाठी एवढं झालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. तीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. तिथल्या काठावर उभं राहून उन्हाळ्यातल्या पाण्याचा रंग बघा, वास घ्या आणि सांगा, हा वारसा नेमका कुठं संपला?

हिरण्यकेशी पुढे घटप्रभेला मिळते. त्याच घटप्रभेवर धुपदाळला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्याच्या मागच्या पाणथळीवर १९७४ साली घटप्रभा पक्षी अभयारण्य झालं, जवळजवळ ३० चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात तिथं कांड्या करकोचे उतरतात. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून निघून हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे. त्यांच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि त्या मार्गावर तीस देश येतात. त्या पाखरांसाठी तीस देशांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. २०२० च्या फेब्रुवारीत स्थलांतरित प्राण्यांविषयीची जागतिक परिषद आपल्याच देशात, गांधीनगरला भरली होती. आणि तीच पाखरं ज्या पाण्यावर उतरतात, ते पाणी पाठवणारं चंदगडचं राखीव रान आणि ते पाणी झेलणारं धुपदाळचं अभयारण्य यांच्यात मात्र नदीच्या पाण्यासाठी एक कायमची बैठकही नाही. मंगोलियाशी बोलणं जमतं, चंदगडशी जमत नाही, असं हे आपलं चाललंय.

वाटा ठरला, नदी राहिली

म्हादईचा तंटा सर्वांना माहीत आहे. २०१० साली लवाद बसला, १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा आला आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी तो राजपत्रात छापला गेला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि बंडुरा नाल्यांवरून मलप्रभेत वळवायचे. मलप्रभेचा उगमही आपल्याच कणकुंबीत, माऊलीच्या देवळापाशी. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांवरच्या दोन नद्यांचा हा हिशोब आहे. २०२३ साली केंद्रानं ‘प्रवाह’ नावाचं प्राधिकरणही नेमलं, त्यात तिन्ही राज्यांना जागा आहे.

मलप्रभेकडे डोळे लावून बसलेल्या नरगुंदच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही. हुबळी-धारवाडच्या माणसाला प्यायला पाणी हवं, यात वाद कसला? पण निवाड्यात पाणी वाटलं गेलं ते राज्यांच्या नावे. डोहातल्या पाणमांजराच्या नावे, चढणीच्या माशाच्या नावे, एप्रिलमध्ये झऱ्यावर जगणाऱ्या रानाच्या नावे किती पाणी, हे विचारायला त्या प्राण्यांचे वकील नव्हते. म्हादईचं खोरं २,०३२ चौरस किलोमीटरचं. त्यातलं ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात, उरलेलं १,५८० गोव्यात. तिन्हीकडे राखीव जंगलं आहेत. त्या जंगलांचे अधिकारी एका टेबलाशी बसून ‘नदीला कमीत कमी एवढं पाणी सुटलंच पाहिजे’ असं एकमुखानं म्हणाले असते, तर त्या वादाला वेगळं वजन आलं असतं.

कायद्याला हे ठाऊक आहे, बरं का. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह कुणी वळवू, अडवू किंवा वाढवू नये. नुसतं झाड तोडायला नव्हे, पाणी वळवायलाही बंदी. २०२३ च्या जानेवारीत गोव्यानं याच कलमावर बोट ठेवून कर्नाटकाला नोटीस दिली. पण नोटीस ही भांडणातली भाषा झाली. तेच कलम तीन राज्यांनी मिळून आधी वापरलं तर ते नदीचं कुंपण होईल.

आणखी एक जुनी गोष्ट. १९५६ हे वर्ष आपण विसरू शकत नाही. त्या वर्षीच्या १७ जानेवारीचे हुतात्मे, मग नोव्हेंबरातली राज्य पुनर्रचना, आणि तेव्हापासून चाललेला सीमालढा. त्याच १९५६ साली संसदेनं नदी मंडळ कायदाही केला होता, राज्यांनी मिळून नदी सांभाळावी म्हणून. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ उभं राहिलं नाही. त्या वर्षानं दिलेली सीमा आपल्या वाट्याला आली, नदीचं मंडळ मात्र कागदातच राहिलं.

भांडलेल्या देशांनी केलं ते

युरोपात मूरा, द्रावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या काठी ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, हंगेरी आणि सर्बिया हे पाच देश आहेत. २०२१ साली युनेस्कोनं त्यांचं मिळून एक जीवावरण राखीव क्षेत्र मान्य केलं, सुमारे ७०० किलोमीटर नदीकाठाचं. जगातलं पाच देशांचं हे पहिलंच. त्यातले क्रोएशिया आणि सर्बिया १९९१ नंतर एकमेकांशी युद्ध लढले होते, त्याच डॅन्यूबच्या काठी. ज्या पाण्यात तोफगोळे पडले त्या पाण्याची पूरमैदानं आज ते मिळून राखतात. त्यांनी आपापली सीमा सोडली नाही, झेंडा उतरवला नाही.

आपल्या देशातही उदाहरण आहे. आसामचं मानस आणि भूतानचं रॉयल मानस एकाच नदीच्या दोन अंगांना. तिथले वनरक्षक दोन देशांचे असूनही वाघांची मोजदाद मिळून करतात. देशांनी सामायिक पाणथळींबाबत एकमेकांशी बोलावं, हे १९७१ च्या रामसर कराराच्या पाचव्या कलमातही आहे. देशांना जे जमतं ते एकाच संविधानाखालच्या तीन राज्यांना न जमायचं कारण काय?

दोन शंका

‘मग काय सीमाप्रश्न सोडून द्यायचा?’ अजिबात नाही. त्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर आपण आपल्या जागी ठाम आहोत. पण निकाल उद्या आपल्या बाजूनं लागला आणि तोवर वेदगंगेत मासा उरला नाही, तर ताब्यात काय घेणार? नदी राखणं म्हणजे दावा सोडणं नव्हे. ज्या मुलखावर आपण हक्क सांगतो, त्याची राखणही आपणच करायला हवी.

दुसरी शंका खानापूरच्या रानातल्या माणसांची, आणि ती जास्त गंभीर आहे. भीमगडच्या आत गवाळी, पास्टोली, कोंगळा, देगाव अशी गावं आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीतून खांद्यावर आणावं लागतं. ‘अभयारण्यांनी हात मिळवले म्हणजे आम्हाला आणखी दाबणार’ ही त्यांची भीती उगाच नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. या वाड्यांचे लोक जिथं बसणार नाहीत, ती समिती आम्हाला नको. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलेले हक्क आधी, त्यानंतर बाकीचं. कुठला झरा कधी आटतो, हे त्या वाडीतल्या म्हातारीइतकं कुठल्याही खात्याला माहीत नसतं.

आम्ही काय मागतो

राधानगरी, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, तिलारी, म्हादई, भीमगड आणि घटप्रभा पक्षी अभयारण्य या क्षेत्रांची मिळून तीन राज्यांची एक कायमची नदी समिती व्हावी. ‘प्रवाह’ प्राधिकरणानं तिन्ही राज्यांच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना आपल्या बैठकीत बसवावं. त्या समितीनं चार कामं आधी हातात घ्यावीत:

एक, दर उन्हाळ्यात कुठल्या नदीत किमान किती पाणी वाहतं राहिलंच पाहिजे, हे तिन्ही राज्यांनी एकत्र ठरवावं.

दोन, पावसाआधी बर्गे काढायची आणि पावसानंतर घालायची तारीख वरच्या-खालच्या बंधाऱ्यांनी मिळून ठरवावी. नव्या बंधाऱ्याला माशांना वर चढायची वाट ठेवावी.

तीन, वर नदीत घाण सुटली किंवा धरणातून विसर्ग वाढला, तर खालच्या गावाला तासाभरात कळावं. मराठीत, कानडीत आणि कोंकणीत. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. राधानगरी, काळम्मावाडी, हिडकल, अलमट्टी, सगळीकडची आकडेवारी फिरत होती. आपण मात्र व्हॉट्सॲपवरच्या अफवांवर सामान हलवत होतो.

चार, माशांची, पाणमांजरांची, पाणपक्ष्यांची मोजणी एकाच आठवड्यात तिन्ही राज्यांत व्हावी आणि आकडे एकाच ठिकाणी, लोकांना वाचता येतील असे ठेवावेत.

तुम्ही काय करायचं

सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटं आपल्याकडेच असतात. बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेय नदीकडे जाणारी घाण बेळगावकरांचीच, ती कुणी परराज्यातून आणून टाकलेली नाही. म्हणून या पाच गोष्टी आपल्या हातातल्या:

१. चढणीचे मासे सोडा. पहिल्या पावसात ओढ्यात, शेताच्या बांधावर, पुलाखाली बत्ती घेऊन उतरायची मजा आपण सगळ्यांनी केली आहे. मीही केली आहे. पण त्या वेळी हाती लागते ती पोटात अंडी असलेली मादी. मृगापासून महिनाभर तरी जाळं, खुट्ट्या, बत्ती घरात ठेवा. आणि सुरुंग, ब्लीचिंग पावडर किंवा करंट लावून मासे मारणाऱ्याला वर्षभर कधीच पाठीशी घालू नका, तो भाऊबंद असला तरी.

२. नोंद ठेवा. मासे मेलेले दिसले, पाण्याला फेस आला, उग्र वास आला तर तारीख, वेळ, जागा लिहा, फोटो काढा. तक्रार कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना करा, एकालाच नको. ‘वरून आलं’ म्हणून हात झटकायला जागा ठेवू नका.

३. नोंदवही उघडा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कर्नाटकात पीडीओंना, महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ती दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी ती कपाटातच असते. काढा ती बाहेर आणि त्यात आपल्या नदीचे डोह, झरे, मासे, देवराया भरा. मरळ, वाम, शिंगटा कुठल्या डोहात होते आणि कधी दिसेनासे झाले, हे जुन्या भोयांना, कोळ्यांना विचारून लिहा. ती माणसं थकत चालली आहेत, हे विसरू नका.

४. जोडठराव करा. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नदीच्या दोन्ही काठांच्या गावांनी एकच मजकूर असलेला ठराव घ्यावा: आमच्या नदीसाठी तीन राज्यांची संयुक्त समिती हवी. एका काठानं कानडीत, दुसऱ्यानं मराठीत घेतला तरी चालेल. ठरावाच्या प्रती ‘प्रवाह’ला, तिन्ही मुख्य वन्यजीव रक्षकांना, आमदार-खासदारांना पाठवा आणि एक प्रत नदीपलीकडच्या गावाला नेऊन द्या. हातानं द्या, पोस्टानं नको.

५. शाळेला काठावर न्या. मुलांना एक दिवस नदीवर घेऊन जा आणि विचारा, हे पाणी कुठून आलं, कुठं जाणार? उत्तरात किती राज्यं येतात ते त्यांनाच मोजू द्या.

शेवटचं

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना पावसाळ्यातली एक बातमी तोंडपाठ असते. दरवर्षी पेपरात तीच नावं येतात: जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोज-कारदगा, ममदापूर-हुन्नरगी, मलिकवाड-दत्तवाड. हे सखल पूल, बंधारे पाण्याखाली गेले की वाहतूक बंद. यातलं मलिकवाड कर्नाटकात आणि दत्तवाड महाराष्ट्रात. पूल बुडाला की अलीकडचा लग्नाचा वऱ्हाडी अलीकडे अडकतो आणि पलीकडचा दूधवाला पलीकडे. पाणी कुणाला विचारत नाही, तुझं रेशन कार्ड कुठल्या राज्याचं. आणि पाणी ओसरलं की पुलावरचा गाळ काढायला दोन्ही काठांची माणसं खोरी घेऊन उतरतात, कुणी अध्यादेश काढायच्या आधी.

तेवढंच करायचं आहे, फक्त गाळ साचायच्या आधी. कानडीत होळे म्हणा, कोंकणीत न्हंय म्हणा, आपण नदी म्हणू; १५ ऑगस्टला पुलाच्या दोन्ही टोकांच्या ग्रामसभांत ठराव एकच हवा. तुमच्या समोरच्या काठावरचं गाव कुठलं? आजच त्यांच्या सरपंचाला भेटा, कर्नाटकात असेल तर अध्यक्षांना भेटा. मृग लागायच्या आत.

आपला,
सीमाभागातला एक नदीकाठकरी